पेव, टाकी आणि सेफ्टीचा माणूस

सांगलीजवळ हरिपूर नावाचे गाव आहे. तिथे हळद जमिनीखालच्या पेवात साठवत आले आहेत. पेव म्हणजे काय, हे तुम्हांला सांगायला नको. पूर्वी पुष्कळ गावांत जोंधळाही पेवातच ठेवत. पेव उघडले की जाणता माणूस लगेच आत उतरत नाही. तोंड उघडे ठेवतो. वारा जाऊ देतो. मग दोरीला कंदील बांधून खाली सोडतो. कंदील विझला, तर आत कोणी उतरायचे नाही. का? तर आत श्वासापुरती हवा नाही. साठवलेला माल चांगली हवा खातो. वाईट हवा तळाशी बसते. ती डोळ्यांना दिसत नाही. तिला वासही येत नाही.

आता कारखान्यात चला. तिथे पेव नाही, पण टाकी आहे. साखर कारखान्यात मळीची टाकी असते. कागदाच्या कारखान्यात लगद्याची असते. सांडपाण्याची टाकी तर बहुतेक ठिकाणी असते. टाकी साफ करायला एक हेल्पर उतरतो. थोड्या वेळात त्याची शुद्ध हरपते. वरचा सोबती ओरडतो, "अरे, पडला रे!" आणि त्याला काढायला स्वतः आत उतरतो. तोही पडतो. मग तिसरा उतरतो. असे अपघात आपल्या देशात पुन्हा पुन्हा घडले आहेत. त्यांत वाचवायला गेलेली माणसेच पुष्कळदा जास्त मरतात. त्यांच्यात धैर्य कमी नव्हते. माहिती कमी होती.

या तिघांपैकी एखाद्याने गावी पेवात कंदील सोडलेला पाहिलाही असेल. पण ती लोखंडी टाकी त्याला पेवासारखी दिसली नाही. "बाबांनो, हे पेवच आहे," असे सांगायला तिथे कोणी उभा नव्हता. असे सांगणारा जो माणूस, त्याच्या कामाबद्दल हा धडा आहे. कारखान्यात त्याला सेफ्टी ऑफिसर म्हणतात. मराठीत सुरक्षा अधिकारी.

एक गोष्ट आधीच सांगतो. टाकीत कंदील सोडायचा नाही, बरं का! मळीच्या किंवा सांडपाण्याच्या टाकीत पेट घेणारा वायू असू शकतो. तिथे कंदील नेला तर भडकाच उडेल. तिथे हवा मोजायचे एक छोटे यंत्र असते. ते दोरीने खाली सोडतात. वर, मध्ये आणि तळाशी, अशी तीन ठिकाणी हवा मोजतात. त्याआधी टाकीला येणारे सगळे नळ बंद करतात. ढवळायच्या यंत्राची वीज तोडतात आणि बटणाला कुलूप लावतात. कुलपाची किल्ली आत उतरणाऱ्याच्या खिशात राहते. म्हणजे तो वर येईपर्यंत कोणी यंत्र सुरू करूच शकत नाही. पंख्याने ताजी हवा आत सोडतात. उतरणाऱ्याच्या अंगाला पट्टा व दोर बांधतात. वर एक माणूस पहारा देतो. त्याने काही झाले तरी आत उतरायचे नाही. दोर ओढायचा आणि हाक मारायची, एवढेच त्याचे काम. हे सगळे एका कागदावर लिहून त्यावर सह्या होतात. त्या कागदाला कामाचा परवाना म्हणतात. परवाना नाही, तर टाकीत पाऊल नाही.

सही करण्याआधी तो कागद वाचायचा असतो. पुष्कळ जण न वाचताच सही ठोकतात. शिकलेले लोकही!

सेफ्टीच्या माणसाचे दुसरे मोठे काम यंत्रांचे. गुऱ्हाळाच्या चरकात ऊस सारताना हात गेलेला माणूस पुष्कळ गावांत सापडेल. मळणी यंत्राने तर कित्येकांचे हात नेले. कारखान्यातले प्रेस हे त्याच जातीचे. ते पत्रा दाबते आणि कापते. त्याला पत्रा आणि बोट यांतला फरक कळत नाही. म्हणून चांगल्या प्रेसला दोन बटणे असतात. दोन्ही हातांनी दोन्ही बटणे एकदम दाबली, तरच प्रेस खाली येते. दोन्ही हात बटणांवर असले, म्हणजे ते प्रेसखाली नसतात. किती साधी युक्ती आहे, पाहा.

पण काही ठिकाणी एक बटण चिंधी बांधून कायमचे दाबून ठेवतात. फिरत्या पट्ट्यावरची जाळी काढून कोपऱ्यात ठेवतात. असे कोण करतो? कधी कामगारच करतो. त्याला नगावर पैसे मिळतात आणि जाळीमुळे नग कमी होतात. अशा वेळी सेफ्टीच्या माणसाने कामगारावर खेकसून भागत नाही. जाळी का काढली, हे त्याने विचारले पाहिजे. जाळी नीट बनवून घेतली पाहिजे. नगांचा हिशेब सुपरवायझरकडे मांडला पाहिजे. नुसते "सुरक्षा प्रथम" असे फलक लावून बोटे वाचत नाहीत, असे माझे तरी मत आहे.

हेल्मेटचेही तसेच. हेल्मेट घालावेच. पण ते शेवटचे. आधी धोकाच काढून टाकता येतो का, ते पाहावे. नसेल, तर धोक्याला कठडा किंवा जाळी घालावी. तेवढ्यानेही भागले नाही, तर हेल्मेट आहेच.

आता शिकवण्याचे काम. सेफ्टीचा माणूस हा अर्धा मास्तर असतो. पाळी सुरू होण्याआधी तो पाच-दहा मिनिटे कामगारांशी बोलतो. आज कोणते काम आहे, त्यात कुठे घात होऊ शकतो, ते सांगतो. नव्या माणसाला तो आधी करून दाखवतो. मग त्याच्याकडून करून घेतो. मग म्हणतो, "आता हे तू मला समजावून सांग." मान डोलावली म्हणजे समजले, असे तो धरत नाही.

इथे भाषेला फार महत्त्व आहे. १९८४ साली २ डिसेंबरच्या रात्री भोपाळमध्ये युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला. हजारो माणसे मेली. त्या कारखान्यातली माहितीपुस्तके इंग्रजीत होती आणि पुष्कळ कामगारांना इंग्रजी येत नव्हते, असे त्या अपघाताबद्दल लिहिले गेले आहे. पुढे १९८७ साली कारखाना कायद्यात दुरुस्ती झाली. आपल्या कामातल्या धोक्यांची माहिती आणि शिक्षण मिळणे हा कामगाराचा हक्क ठरला. सुरक्षा अधिकाऱ्याच्या पात्रतेच्या नियमांतही एक अट होती. पदवी, अनुभव यांच्या बरोबरीने त्याला बहुतेक कामगारांची भाषा नीट आली पाहिजे.

तुम्ही नुकतेच वाचायला शिकलात. पाटी वाचताना माणूस कोणत्या अक्षराला अडतो, कोणता शब्द त्याला घाबरवतो, हे तुमच्याइतके कॉलेजात शिकलेल्याला ठाऊक नसते. सोपी पाटी कशी लिहावी, हे तुम्ही त्याला सांगू शकता.

मग या कामात शिरायचे कसे? आयटीआय झालेला मुलगा आणि त्याचे आबा यांचे बोलणे ऐका.

"आबा, मला सेफ्टी ऑफिसर व्हायचंय."

"मग हो की. कागद कुठं मिळतो?"

"लगेच नाही मिळत, आबा. आयटीआयवर ती जागा नसते. आधी तंत्रनिकेतनात डिप्लोमा करायचा. दहावीनंतरचा दोन वर्षांचा आयटीआय असला, की तिथं एकदम दुसऱ्या वर्षाला प्रवेश मागता येतो. मग कारखान्यात सुपरवायझर म्हणून पाच वर्षं काढायची. इंजिनिअर असेल त्याला दोन वर्षं पुरतात. त्यानंतर औद्योगिक सुरक्षेचा एक वर्षाचा डिप्लोमा."

"म्हणजे आठ-नऊ वर्षं गेली की रं लेका!"

"जातात कुठं, आबा? पगार चालूच असतो. आणि ज्यानं यंत्र चालवलं नाही, त्याचं ऐकणार कोण?"

मुलाचे म्हणणे खरे आहे. मुलगा सांगतो ते नियम १९४८ च्या कारखाना कायद्याखालचे. त्या कायद्यात १००० कामगारांच्या कारखान्याला सुरक्षा अधिकारी नेमावा लागे. २०२० सालची नवी संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिच्यात ही संख्या ५०० केली आहे. धोक्याच्या प्रक्रियेच्या कारखान्याला आणि बांधकामाला २५०, तर खाणीला १००. म्हणजे अशा माणसांची गरज वाढली. पात्रतेचे नियम सरकार बदलू शकते. म्हणून फी भरण्याआधी राज्याच्या औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाच्या कार्यालयात जाऊन विचारावे. मुंबईत शीव येथे केंद्र सरकारची सेंट्रल लेबर इन्स्टिट्यूट आहे. तिथे औद्योगिक सुरक्षेचा प्रगत डिप्लोमा मिळतो. "आठ दिवसांत सेफ्टी ऑफिसर" असे कोणी म्हणाले, तर त्याला एकच विचारावे: "तुमच्या कागदाला सरकारची मान्यता आहे का? ती दाखवा."

सगळ्यांनाच अधिकारी होता येणार नाही, आणि त्याची गरजही नाही. कारखान्यात सुरक्षा समिती असते. समितीत कामगारांची माणसे मालकाच्या माणसांहून कमी असू नयेत, असे कायदा सांगतो. त्यात बसायला डिप्लोमा लागत नाही. प्रथमोपचार आणि आग विझवणे यांचे शिक्षण कारखान्यात निघते, तेव्हा आपण होऊन नाव द्यावे. बांधकामावर सेफ्टी सुपरवायझरच्या जागा असतात. तिथे अधिकाऱ्याइतका पगार नसतो, पण कामाची ओळख होते. ४ मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिन असतो. १९६६ साली त्या दिवशी राष्ट्रीय सुरक्षा परिषद स्थापन झाली. त्या दिवसाच्या भाषणांपेक्षा समितीच्या बैठकीत जास्त शिकायला मिळते.

या नोकरीतली एक अडचणही सांगितली पाहिजे. सेफ्टीच्या माणसाला पगार मालक देतो, आणि "काम थांबवा" हेही त्याला मालकालाच सांगावे लागते. माल वेळेवर जायचा असतो. वरून निरोप येतो, "आजच्या दिवस चालू द्या." तेव्हा कोरे "नको" म्हणून निभाव लागत नाही. हातात नोंद लागते.

ती नोंद आजपासूनही ठेवता येते. एक वही करा. अपघात झाला तर लिहाच, पण होता होता टळला तोही लिहा. तारीख, वेळ, जागा, काय झाले, कशामुळे झाले. "सकाळी ९ वाजता. ३ नंबरच्या जिन्यावर तेल सांडले होते. पाय घसरला, कठडा धरला. वरच्या पंपाचे तेल गळते." एवढ्या चार ओळी पुरेत. मग वही सुपरवायझरला दाखवा आणि पंप दुरुस्त झाला, की त्याखाली ती तारीख घाला.