मुखपट्टी : तिची निवड व वापर

नाकातोंडावर वस्त्र बांधण्याची चाल आपल्याकडे अगदींच नवी नाहीं. स्थानकवासी जैन साधु व साध्वी मुखावर पांढरी मुहपत्ती बांधतात, ती आपल्या उष्ण श्वासानें हवेंतील सूक्ष्म जीवांस इजा होऊं नये म्हणून. उलट, मळणीच्या वेळीं शेतकरी पागोट्याचा शेव नाकाभोवतीं गुंडाळून घेतो, तो धुळीपासून स्वतःचें रक्षण व्हावें म्हणून. या दोन चाली वरून सारख्या दिसतात. परंतु पहिलींत रक्षण दुसऱ्याचें आहे व दुसरींत आपलें. आज जिला आपण सर्व ‘मास्क’ म्हणतों, त्या मुखपट्टीचेहि हेच दोन निरनिराळे हेतु आहेत, आणि ते ध्यानांत घेतल्यावांचून दुकानांतून कोणती पट्टी आणावी हें ठरवितां यावयाचें नाहीं.

वैद्यकांत पहिला हेतु आधीं आला. कार्ल फ्ल्यूगे या जर्मन जंतुशास्त्रज्ञानें असें दाखवून दिलें कीं, मनुष्य नुसता बोलत असला तरी त्याच्या तोंडांतून जंतूंनीं भरलेले बारीक तुषार बाहेर पडत असतात. हें ध्यानीं घेऊन ब्रेस्लौ शहरांतील शस्त्रवैद्य मिकुलिच यांनीं १८९७ सालीं शस्त्रक्रिया करितांना तोंडावर जाळीदार कापडाची पट्टी बांधण्यास आरंभ केला. ती डॉक्टरच्या रक्षणाकरितां नव्हती. रोग्याच्या उघड्या जखमेंत डॉक्टरच्या तोंडचे जंतु पडूं नयेत एवढ्याचकरितां होती.

दुसऱ्या हेतूची कसोटी मात्र फार भयंकर प्रसंगीं लागली. १९१० सालच्या अखेरीस चीनच्या ईशान्येस मांचुरिया प्रांतांत प्लेगची साथ उद्भवली व रेल्वेच्या मार्गानें गांवोगांव पसरत गेली. चिनी सरकारनें तिच्या बंदोबस्ताकरितां डॉ. वू लिएन-तेह यांस हार्बिन येथें पाठविलें. हे मूळचे पेनांगचे, केंब्रिज येथें शिकलेले, आणि वय अवघें एकतीस. आपल्या मुंबईस १८९६ सालीं जो प्लेग आला तो मुख्यतः गांठीचा होता. तो उंदरांच्या अंगावरील पिसवांच्या द्वारें पसरतो हें पुढें संशोधनानें ठरलें होतें. हाच अनुभव गांठीशीं बांधून पुष्कळ डॉक्टर मांचुरियांतहि उंदरांचाच विचार करूं लागले. डॉ. वू यांचें मत निराळें पडलें. हा प्लेग फुफ्फुसांचा आहे व तो रोग्याच्या खोकल्याबरोबर हवेंतून एका माणसाकडून दुसऱ्याकडे जातो, असें त्यांनीं निक्षून सांगितलें. शस्त्रक्रियेच्या जाळीदार कापडाच्या घडींत शोषक कापसाचा थर घालून, टोकें चिरून त्यांचे बंद करून त्यांनीं एक स्वस्त पट्टी तयार करविली, आणि डॉक्टरांपासून प्रेतें वाहणाऱ्या मजुरांपर्यंत सर्वांनीं ती बांधावी असा आग्रह धरिला.

मेस्नी नांवाच्या एका अनुभवी फ्रेंच डॉक्टरांस हें पटलें नाहीं. जानेवारी १९११ मध्यें ते पट्टी न बांधतां प्लेगचे रोगी तपासावयास गेले आणि थोड्याच दिवसांत त्याच रोगानें मरण पावले. त्यानंतर हार्बिनमध्यें पट्टी बांधण्याविषयीं कोणास फारसें सांगावें लागलें नाहीं. त्या साथींत सुमारें ६०,००० माणसें दगावलीं. वसंत ऋतु येईतों ती आटोक्यांत आली. अर्थात् एकट्या पट्टीमुळें नव्हे, तर रोग्यांस वेगळें ठेवणें, रेल्वेचा प्रवास बंद करणें व प्रेतांचें दहन करणें या सर्व उपायांमुळें. डॉ. मेस्नी यांस कोणी हेकट म्हणेल, पण तें न्यायाचें होणार नाहीं. त्यांचें ज्ञान खोटें नव्हतें. तें एका रोगाचें होतें व त्यांनीं तें दुसऱ्या रोगास लाविलें. रोग कोणत्या वाटेनें येतो हें आधीं ओळखलें पाहिजे, मग पट्टीचा विचार.

आतां पट्टी काम कशी करिते तें पाहूं. ती म्हणजे एक बारीक चाळण, अशी पुष्कळांची समजूत असते. चाळणीचीं छिद्रें मोठीं व विषाणु त्यांहून लहान, तेव्हां तो आरपार जाणारच, असा आक्षेप २०२० सालीं कोविडच्या साथींत चांगल्या सुशिक्षितांच्या तोंडींहि ऐकूं येई. वरून पाहतां तो बिनतोड वाटतो. परंतु एक तर विषाणु हवेंत सुटा क्वचितच फिरतो. तो लाळेच्या व कफाच्या तुषारांत बसून प्रवास करितो. दुसरें असें कीं, पट्टी ही चाळण नसून तंतूंचें दाट रान आहे. मोठा कण वेगानें येतो, हवेबरोबर त्यास वळण घेतां येत नाहीं, आणि तो समोरच्या तंतूवर आदळून तेथेंच चिकटतो. अगदीं लहान कणाची तऱ्हा वेगळी. हवेच्या रेणूंचे धक्के खात तो जत्रेंत चुकलेल्या पोराप्रमाणें वेडावांकडा भटकतो आणि भटकतां भटकतां कोणत्या तरी तंतूस लागतो. निसटतो तो मधल्या आकाराचा, सुमारें ०.३ मायक्रॉनचा कण. मिलिमीटरचे एक हजार भाग केले तर त्यांतील एका भागास मायक्रॉन म्हणतात. म्हणून उत्तम पट्टीची परीक्षा घेतात ती याच निसटत्या कणांवर.

त्याला पकडण्याची युक्ति आपल्या विज्ञानाच्या तासाची आहे. कोरड्या केसांतून प्लास्टिकची फणी फिरवून ती कागदाच्या कपट्यांजवळ धरली असतां कपटे उडून फणीस चिकटतात, हें विद्यार्थ्यांनीं करून पाहिलेंच असेल. पॉलिप्रॉपिलीन नांवाचें प्लास्टिक वितळवून, गरम हवेच्या झोतानें त्याचे केसाहूनहि पुष्कळ बारीक तंतु करितात, आणि त्या तंतूंस असाच, पण दीर्घकाळ टिकणारा विद्युत्भार देतात. जवळून जाणारा कण ते ओढून घेतात. या कामीं अमेरिकेंतील टेनेसी विद्यापीठांतील पीटर साय या तैवानी शास्त्रज्ञाचें नांव घेतलें पाहिजे. विद्युत्भाराची ही गोष्ट एकदां समजली म्हणजे अशी पट्टी साबणानें धुऊं नये किंवा स्पिरिटनें पुसूं नये असें कां सांगतात, तें निराळें शिकवावें लागत नाहीं. धुतल्यानें ती स्वच्छ दिसते, पण तिचा भार जातो आणि उरतें तें निव्वळ फडकें.

बाजारांत मुख्यतः तीन प्रकार मिळतात. कापडी पट्टी दाट विणीच्या कापडाची व तीन पदरी असावी. ती आपल्या तोंडचे मोठे तुषार बरेंच अडविते, पण दुसऱ्याकडून येणाऱ्या सूक्ष्म कणांपुढें तिचें फारसें चालत नाहीं. साडीचा एकेरी पदर किंवा खिशांतला रुमाल यांवर तर विसंबूंच नये. दुसरी शस्त्रक्रियेची पट्टी, निळी किंवा हिरवी. तिचे तीन थर असतात व मधला थर गाळण्याचें काम करितो. रंगीत बाजू बाहेर व धातूची तार नाकावर आली पाहिजे. तिसरी एन-९५. एन-९५ म्हणजे त्या निसटत्या आकाराच्या कणांपैकीं निदान ९५ टक्के कण अडविणारी, अशी ही अमेरिकन खूण आहे. आपल्याकडे त्याच तोडीच्या पट्टीवर आय. एस. ९४७३ व एफ. एफ. पी. २ असें लिहिलेलें असतें आणि भारतीय मानक ब्यूरोची आय. एस. आय. ही खूण असते. पदपथावर ढिगानें विकल्या जाणाऱ्या मालावर नुसतें ‘एन-९५’ छापलेलें पाहून भुलूं नये. छापावयास शाई तेवढी लागते. जिच्यावर बाहेर श्वास सोडण्याची गोल झडप असते, ती पट्टी घालणाऱ्याचें रक्षण करिते. मात्र त्याचा श्वास न गाळतां तसाच बाहेर सोडिते. अशा झडपेच्या पट्ट्या सर्वसाधारण लोकांनीं वापरूं नयेत असें केंद्र सरकारच्या आरोग्यखात्यानें जुलै २०२० मध्यें कळविलें होतें, तें याच कारणानें.

शेतकरी पालकांकरितां येथें एक गोष्ट सांगून ठेवितों. यांपैकीं कोणतीहि पट्टी विषारी वाफ अडवीत नाहीं. २०१७ सालीं यवतमाळ जिल्ह्यांत कापसावर कीटकनाशकें फवारतांना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी व मजूर प्राणांस मुकले. फवारणीस कोळशाची गाळणी बसविलेला निराळा मुखवटा लागतो, आणि हें विष कातडींतूनहि शरीरांत जात असल्यामुळें हातमोजे व अंगभर कपडेहि लागतात.

पट्टी कितीहि भारी आणली तरी ती चेहऱ्यास नीट बसली नाहीं तर पैसे फुकट गेले असें समजावें. हवा नेहमीं सोप्या वाटेनें जाते. गालाजवळ फट असली म्हणजे ती तंतूंच्या रानांत कशाला शिरेल? अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रानें फेब्रुवारी २०२१ मध्यें एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांत खोकणाऱ्या कृत्रिम मस्तकावर शस्त्रक्रियेची पट्टी नुसती अडकविली तेव्हां खोकल्यांतील ४२ टक्के कण अडले. तीवरून कापडी पट्टी घट्ट बसविली तेव्हां ९२ टक्क्यांहून अधिक कण अडले. पुष्कळशी करामत फटी बुजण्याची होती. दुसरी पट्टी जवळ नसल्यास पहिलीच आडवी दुमडून तिच्या कानांच्या दोऱ्यांस अगदीं कडेजवळ गांठ मारावी, मग ती उघडून बाजूंच्या मोकळ्या घड्या आंत खोंचाव्या. एवढ्यानेंहि गालांवरच्या फटी पुष्कळ कमी होतात.

एन-९५ चे दोन पट्टे डोक्यामागें घ्यावयाचे असतात. वरचा डोक्याच्या माथ्यावरून, खालचा कानांखालून मानेवर. नंतर दोन्ही हातांच्या बोटांनीं तार नाकावर दाबून बसवावी. एकाच हातानें चिमटा काढल्यास मधें घडी पडते व तेथूनच हवा शिरते. मग दोन्ही तळहात पट्टीभोवतीं धरून जोरानें श्वास सोडावा. डोळ्यांकडे किंवा गालाकडे वारा लागला तर पुन्हा बसवावी. चष्मा असणाऱ्यांस ही परीक्षा आयतीच मिळते, कारण भिंगें धुरकटलीं कीं वरची फट कळते. दाढी राखणाऱ्या वडीलमंडळींस सांगणें थोडें अवघड आहे, पण केसांवर पट्टीची कड कधींच घट्ट बसत नाहीं.

आतां ज्याकरितां हा लेख मुख्यतः लिहावयास घेतला त्या विषयाकडे वळतों. कोविडची जागतिक आणीबाणी मे २०२३ मध्यें संपल्याचें जाहीर झालें व घरोघरच्या पट्ट्या कपाटांत गेल्या. पण जगांतील क्षयरोग्यांपैकीं सुमारें चौथा हिस्सा आपल्या देशांत आहे आणि तो रोग हवेंतूनच पसरतो. त्यासंबंधीं दक्षिण आफ्रिकेंत झालेला एक सुंदर प्रयोग २०१२ सालीं प्रसिद्ध झाला. औषधांस दाद न देणाऱ्या क्षयाचे रोगी ज्या वॉर्डांत होते त्यांतील हवा नळांनीं गिनीपिगांच्या दोन कोठड्यांत नेली होती. प्रत्येकींत ९० प्राणी. रोग्यांनीं एक दिवस शस्त्रक्रियेची साधी पट्टी लावावयाची व त्या दिवशींची हवा एका कोठडींत जावयाची. दुसऱ्या दिवशीं पट्टी नाहीं व हवा दुसऱ्या कोठडींत. तीन महिन्यांच्या या क्रमानंतर पाहतां पट्टीविना दिवसांच्या कोठडींत ६९ प्राण्यांस संसर्ग झाला होता, पट्टीच्या दिवसांच्या कोठडींत ३६ प्राण्यांस. महागडी एन-९५ नव्हे, साधी पट्टी, आणि तीहि रोग्यानें लावलेली! मात्र ते ३६ विसरतां कामा नये. पट्टीबरोबर खिडक्या उघड्या हव्यात, औषध वेळेवर हवें, व रोग्याची शुश्रूषा करणाऱ्यानें स्वतः एन-९५ वापरावी. योग्य औषध सुरू झाल्यावर बहुतेकांचा संसर्ग कांहीं आठवड्यांतच पुष्कळ उतरतो, म्हणजे हें जन्माचें बंधन नव्हे.

पुष्कळ घरांत याच्या अगदीं उलट घडतें. घरांतील सुनेस किंवा मुलीस क्षय झाल्याचें कळलें कीं तिची ताटवाटी वेगळी होते, तिचें अंथरूण कोंदट खोलींत जातें व खिडकी लावून घेतली जाते. मुखपट्टी मात्र नको, कारण शेजारीं विचारतील! क्षय ताटावाटींतून पसरत नाहीं. ज्या वाटेनें तो येत नाहीं ती वाट आपण अडवितों आणि ज्या वाटेनें येतो ती मोकळी सोडितों. डॉ. मेस्नी यांस निदान आपल्या चुकीचें मोल स्वतःच द्यावें लागलें. येथें तें घरांतल्या लहान मुलांस द्यावें लागतें.

आणि विद्यार्थ्यांनो, वर्गांत कोणी खोकला झाल्यामुळें पट्टी लावून आला तर त्यास ‘डाकू’ म्हणून चिडविण्याची जी खोड आहे ती सोडून द्या. तो पट्टी लावून तुमचेंच रक्षण करीत असतो. ताप असेल तर मात्र पट्टी लावूनहि शाळेंत येऊं नये, घरींच राहावें. पालकांनींहि हजेरीकरितां आग्रह धरूं नये.

लहान भावंडांविषयीं थोडें. पांच वर्षांच्या आंतील मुलांस पट्टीची सक्ति नसावी, सहा ते अकरा वर्षांच्या मुलांनीं वडील माणसांच्या देखरेखीखालीं लावावी व बारा वर्षांवरील मुलांनीं मोठ्यांप्रमाणेंच, असा सल्ला जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांनीं ऑगस्ट २०२० मध्यें दिला होता. धांवतांना व खेळतांना ती काढून ठेवावी. मोठ्यांच्या मापाची पट्टी लहान मुलास लावून उपयोग नाहीं; हनुवटीखालून सारी हवा आंत येते.

पट्टी काढतांना पुढच्या भागास हात न लावतां दोऱ्यांस धरून काढावी व हात साबणानें धुवावे. कापडी पट्टी रोज धुवून उन्हांत वाळवावी. शस्त्रक्रियेची पट्टी ओली झाली कीं टाकावी, व टाकतांना दोऱ्या कापून कागदांत गुंडाळावी, म्हणजे पांखरांचे पाय त्यांत अडकत नाहींत. एन-९५ पुन्हा वापरावयाची असल्यास प्लास्टिकच्या पिशवींत कोंडूं नये. कागदी पिशवींत घालून हवेशीर जागीं ठेवावी, आणि पिशवीवर वापरणाऱ्याचें नांव व पहिल्या वापराची तारीख पेन्सिलीनें लिहून ठेवावी. पट्टे सैल पडले, पट्टी चुरगळली किंवा तिच्यावर ओल व डाग दिसले, तर तारीख कोणतीहि असो, ती टाकून नवी घ्यावी.