गर्भापासून म्हातारपणापर्यंत एकच माप

वसई

चि. रोझी हिस,


ह्यूस्टनला तुमच्या कॅथलिक पॅरिशमधली जी माणसं गर्भातल्या जिवासाठी रस्त्यावर उतरतात, तीच मेडिकेड, म्हणजे गरिबांसाठीचा सरकारी आरोग्यविमा, वाढवायला विरोध करतात, म्हणून तू चिडली आहेस. चिडणं रास्त आहे. पण ‘ढोंगी’ म्हटल्याने एकाही आजाऱ्याला औषध मिळत नाही.

शिकागोचे कार्डिनल जोसेफ बर्नार्डिन यांचं १९८३ चं फोर्डहॅम विद्यापीठातलं व्याख्यान मिळवून वाच. गर्भातल्या जिवाची बाजू घेणाऱ्याने भुकेले, म्हातारे, बेकार, कागदपत्रांविना आलेले परदेशी यांचीही बाजू तितक्याच उघडपणे घ्यावी, असं त्यांचं सांगणं. सगळे प्रश्न सारखेच, असं नव्हे. पण ज्या श्रद्धेतून एक उत्तर येतं, तिच्यातूनच दुसरंही यायला हवं.

मात्र प्रत्येक मतभेदात खोट शोधू नकोस. २०१० च्या आरोग्य कायद्यातून गर्भपाताला पैसा जाईल म्हणून अमेरिकेतल्या बिशपांनी त्याला विरोध केला. सिस्टर कॅरल कीहान यांच्या कॅथलिक रुग्णालय-संघटनेने त्याच कायद्याला पाठिंबा दिला. श्रद्धा एकच, कायद्याचा अर्थ वेगळा. ‘सरकारने नको’ म्हणणाऱ्यालाही शांतपणे विचार: मग कोणी करायचं, आणि ते सगळ्यांना पुरेल का?

विचारल्याने फरक पडतो. गर्भपाताचा घटनात्मक हक्क संपवणारा २०२२ चा निकाल मिसिसिपीच्या खटल्यात लागला. त्या राज्याच्या नियमाने गरीब बाळंतिणीचं मेडिकेड दोन महिन्यांत संपे. पुढच्याच वर्षी ते वर्षभराचं झालं. सही गर्भपातविरोधी गव्हर्नरची होती, आणि कारणही त्यांनी जीवरक्षणाचंच दिलं. त्यांचं मूल्य त्यांच्याच पुढ्यात ठेवलं, तेव्हा वाट निघाली.

तेच माप स्वतःलाही लाव. गरिबाच्या इलाजासाठी भांडताना गर्भातल्या जिवाचा प्रश्न तुला अवघड वाटतो का? वाटत असेल तर टाळू नकोस. मूल्य आपल्याला गैरसोयीचं होतं, तेव्हाच ते आपलं आहे की नाही हे कळतं.

तुमच्या टेक्सासनेही २०२३ मध्ये बाळंतिणीला वर्षभराचं मेडिकेड मंजूर केलं. ते वर्ष संपल्यावर त्या आईचं काय, हे पॅरिशच्या पुढच्या बैठकीत विचार. आवाज न चढवता विचार, आणि उत्तर मिळेपर्यंत विचारत राहा.

तुझी,
आत्या