वादळ शमल्यानंतरचे आरोग्य आणि शिक्षकाचे कार्य

अटलांटिक महासागर व कॅरिबियन समुद्र यांत उठणाऱ्या, ताशी ११९ किलोमीटर वा त्याहून अधिक वेगाच्या चक्री वादळास ‘हरिकेन’ म्हणतात. अरबी समुद्रातील व बंगालच्या उपसागरातील चक्रीवादळे त्याच जातीची होत. वादळ म्हटले की उन्मळलेली झाडे आणि उडालेली छपरे डोळ्यांपुढे उभी राहतात. परंतु वादळाने होणारी प्राणहानी वाऱ्याबरोबर थांबत नाही. तिचा मोठा भाग कित्येकदा आकाश निवळल्यावर घडतो आणि म्हणूनच तो पुष्कळसा टाळता येतो.

१. पोर्तो रिकोचे उदाहरण

२० सप्टेंबर २०१७ रोजी ‘मारिया’ हे हरिकेन ताशी सुमारे २५० किलोमीटर वेगाने पोर्तो रिको या अमेरिकेच्या अधिपत्याखालील बेटावर आदळले. सर्व बेटाची वीज गेली. ती अखेरच्या घरांपर्यंत परत पोहोचण्यास सुमारे अकरा महिने लागले. त्या वर्षाच्या अखेरीस सरकारी नोंदीत मृतांची संख्या ६४ होती. पुढे जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठातील अभ्यासकांनी सप्टेंबर २०१७ ते फेब्रुवारी २०१८ या काळातील मृत्यू एरवी अपेक्षित असलेल्या मृत्यूंशी ताडून पाहिले, तेव्हा वाढीव मृत्यूंचा अंदाज २,९७५ निघाला. ऑगस्ट २०१८ मध्ये सरकारने तो आकडा स्वीकारला.

६४ आणि २,९७५ यांतील अंतर हाच या पाठाचा गाभा होय. छप्पर अंगावर पडून मेलेला मनुष्य नोंदीत येतो. परंतु वादळानंतर कित्येक आठवड्यांनी औषधावाचून गेलेला वृद्ध सहसा येत नाही. वीज नसल्याने इन्सुलिन थंड राखता येईना, प्राणवायूची यंत्रे चालेनात. रस्ते बंद झाल्याने डायलिसिसच्या रुग्णांना रुग्णालय गाठता येईना. सर्वाधिक धोका वृद्धांना आणि गरीब वस्त्यांतील लोकांना झाला.

२. रोग येण्याच्या वाटा

पहिली वाट पाण्याची. पुराचे पाणी विहिरीत शिरले की अतिसार, विषमज्वर व कावीळ यांचे भय वाढते. पाणी उकळून किंवा क्लोरीनने शुद्ध करूनच प्यावे. जुलाब लागलेल्या मुलास एक लिटर शुद्ध पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ (चमचा चहाचा) विरघळवून थोडेथोडे पाजावे.

दुसरी वाट चिखलाची. उंदीर व गुरे यांच्या मूत्रातील जंतू साचलेल्या पाण्यात मिसळतात आणि पायाच्या जखमेतून शरीरात शिरतात. हाच लेप्टोस्पायरोसिस. मारियानंतर पोर्तो रिकोत त्याचे रुग्ण वाढले होते. कोकणातील भातशेतीच्या गावांनाही हा रोग परका नाही. चिखलात वावरल्यानंतर ताप व पोटऱ्यांत वेदना सुरू झाल्यास विनाविलंब डॉक्टरांकडे जावे.

तिसरी वाट साचलेल्या पाण्यावर वाढणाऱ्या डासांची. चौथी वाट धुराची: बंद खोलीत जनरेटर चालविल्यास वास नसलेला विषारी वायू साचून झोपेतच मृत्यू ओढवतो.

३. मुलांचे मन

२०१८ मध्ये पोर्तो रिकोतील तिसरी ते बारावीच्या ९६,१०८ विद्यार्थ्यांची शाळाशाळांतून पाहणी झाली. निम्म्याहून अधिकांचा कोणी मित्र वा नातलग बेट सोडून गेला होता. सुमारे एकतृतीयांश मुलांनी अन्नपाण्याची टंचाई सोसली होती. सुमारे सात टक्के मुलांत मानसिक आघाताची गंभीर लक्षणे आढळली.

अशी लक्षणे शिक्षकाच्या नजरेस लवकर येतात. मूल ढग गडगडताच दचकते, रात्री अंथरूण ओले करते, अभ्यासात मागे पडते किंवा उगाच चिडते. हा हट्ट नव्हे व आळसही नव्हे. आधार मिळाल्यास बहुतेक मुले काही आठवड्यांत सावरतात. लक्षणे महिन्याहून अधिक टिकल्यास तज्ज्ञांचे साहाय्य घ्यावे.

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले, तेव्हा नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. पोफळ फळास येण्यास वर्षे लागतात. अशा घरातील मूल आईबापांची चिंता मूकपणे वाहत असते. त्याला छपराइतकीच धीराचीही गरज असते.

४. शिक्षकाने काय करावे

मानसिक प्रथमोपचाराची सूत्रे तीन आहेत: पाहणे, ऐकणे व जोडून देणे. कोणाला मदतीची निकड आहे ते पाहावे. मूल बोलेल तेव्हा शांतपणे ऐकावे. मात्र वर्गासमोर उभे करून आपबीती सांगावयास लावू नये. मग त्यास प्राथमिक आरोग्य केंद्राशी, आशा सेविकेशी वा ‘टेली-मानस’च्या १४४१६ या क्रमांकाशी जोडून द्यावे.

शाळा शक्य तितक्या लवकर सुरू करावी, मग ती देवळाच्या ओसरीवर का भरेना. ठरलेल्या वेळी वाजणारी घंटा, हजेरी, गाणी व खेळ यांनी मुलास जग पुन्हा जागेवर आल्याची खूण पटते. पावसाळ्यापूर्वीच गावातील नित्य औषध घेणाऱ्या वृद्धांची व आजाऱ्यांची यादी आशा सेविकेच्या साहाय्याने करून ठेवावी. शिक्षकाचे स्वतःचे घरही पडलेले असू शकते; अशा वेळी सहकाऱ्यांनी त्याचा भार वाटून घेणे हाही याच कार्याचा भाग होय.

स्वाध्याय

१. पोर्तो रिकोतील मृतांची पहिली नोंद इतकी कमी का राहिली?
२. आपल्या गावात आठ दिवस वीज नसल्यास कोणाच्या जीवास धोका पोहोचेल?
३. शाळेची इमारत निकामी झाल्यास वर्ग कोठे भरविता येतील? केंद्रसभेत चर्चा करून जागा निश्चित करावी.