एडिटरमधील एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलचा गोंधळ : कारण व उपाय

प्रोग्रामिंग शिकणाऱ्या मुलामुलींकडून आम्ही एक तक्रार वारंवार ऐकतो : "काल चालणारा प्रोग्राम आज चालत नाही, मी तर एक अक्षरही बदलले नाही." विद्यार्थी स्वतःलाच दोष देतो. पुष्कळदा दोष त्याचा नसतो. म्हणून हा लहानसा पाठ.

संगणकावर प्रोग्राम सुरू होताना त्याला काही नावे व त्यांची मूल्ये मिळतात. त्यांना एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल म्हणतात. १९७९ सालच्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीतही ही सोय होती. त्यांपैकी 'पाथ' म्हणजे फोल्डरांची यादी. आज्ञा दिली की ही यादी आरंभापासून तपासली जाते आणि जो प्रोग्राम प्रथम सापडेल तोच चालतो.

व्हिज्युअल स्टुडिओ कोड या एडिटरमध्ये एक्स्टेन्शनना टर्मिनलची व्हेरिएबल बदलण्याची मुभा आहे. मूल्याच्या आधी जोडणे, शेवटी जोडणे किंवा मूल्यच बदलणे, असे तीन प्रकार आहेत. दोन एक्स्टेन्शननी आपापला फोल्डर पाथच्या आरंभी ठेवला, की संघर्ष उभा राहतो.

आमच्या अभ्यासवर्गातील एका विद्यार्थिनीने 'पॅकेज सापडत नाही' या संदेशामुळे तेच पॅकेज तीनदा बसवले. प्रकल्प दुसऱ्या दिवशी द्यायचा होता. "मला हे जमणार नाही," असे म्हणून ती उठू लागली. तपासले, तर पायथॉन एका फोल्डरातला चालत होता आणि पॅकेज बसवणारा 'पिप' दुसऱ्या फोल्डरातला.

अशा वेळी पुढील क्रमाने जावे :

१. टर्मिनलमध्ये 'विच -ए पायथॉन' ही आज्ञा द्यावी. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये 'व्हेअर पायथॉन'. एकाहून अधिक मार्ग दिसल्यास सर्वांत वरचा चालतो, हे ध्यानात घ्यावे.

२. कमांड पॅलेटमधून 'टर्मिनल : शो एन्व्हायर्नमेंट कॉन्ट्रिब्यूशन्स' निवडावे. कोणत्या एक्स्टेन्शनने काय बदलले ते कळते.

३. संशयित एक्स्टेन्शन त्या वर्कस्पेसपुरते बंद करावे. संशयित सापडत नसेल, तर 'स्टार्ट एक्स्टेन्शन बायसेक्ट' वापरावे. ते दर फेरीत निम्मी एक्स्टेन्शन बंद करते. ३२ असली तरी सुमारे ५ फेऱ्यांत शोध लागतो.

४. जुने टर्मिनल बंद करून नवे उघडावे. चालू टर्मिनलमध्ये हा बदल आपोआप उतरत नाही. हीच पायरी सर्वाधिक विसरली जाते.

एवढ्यानेही भागले नाही, तर 'बॅशआरसी'सारखी शेलची आरंभ-फाइल पाहावी. ती पाथ पुन्हा बदलू शकते.

त्या विद्यार्थिनीचा प्रकल्प वेळेवर गेला. आमच्या मुलांनी हार मानण्यापूर्वी कारण शोधावे, एवढेच आमचे सांगणे.