डांस कोठून येतात?

पावसाळा लागला कीं उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर या भागांत घरोघरीं तापाची भीति उत्पन्न होते. अशा वेळीं पुष्कळ जण वालधुनी नदीकडे किंवा समोरच्या गटाराकडे बोट दाखवून म्हणतात, "डांस तिकडून येतात, आमच्या हातीं काय आहे?" या बोलण्यांत थोडें सत्य आहे, परंतु त्यावर विसंबून राहणें घातक आहे. तें कसें, हें आजच्या पाठांत पाहूं.

१. शत्रु एक नव्हे, तीन.

ता. २० ऑगस्ट १८९७ रोजीं सिकंदराबाद येथें डॉ. रोनाल्ड रॉस यांस डांसाच्या पोटांत हिवतापाचे जंतु सांपडले. हा हिवतापाचा डांस ॲनोफिलीस होय. तो विहिरींत, उघड्या टाक्यांत व सांचलेल्या पाण्यांत वाढतो आणि रात्रीं चावतो. दुसरा क्युलेक्स, तो गटाराच्या घाण पाण्यांत वाढतो, त्याच्यामुळें हत्तीरोग पसरतो, व तोहि रात्रींच चावतो. तिसरा एडीस, तो काळा असून त्याच्या पायांवर पांढरे पट्टे असतात. डेंग्यू व चिकुनगुन्या हे ताप तो पसरवितो. तो दिवसां चावतो, आणि गटारांत नव्हे तर आपणच भरून ठेवलेल्या स्वच्छ पाण्यांत वाढतो. जन्मस्थानापासून तो कांहींशें पावलांपलीकडे क्वचितच जातो. म्हणून आपल्या मुलास डेंग्यू देणारा डांस बहुधा आपल्याच किंवा शेजाऱ्याच्या पिंपांत जन्मलेला असतो.

२. आठवड्यांतून एक कोरडा दिवस.

अंड्यापासून उडणारा डांस होण्यास सुमारें सात ते दहा दिवस लागतात. नळास पाणी ठराविक वेळींच येतें, तेथें पिंपें भरून ठेवावींच लागतात. परंतु आठवड्यांतून एक दिवस नेमून तीं पूर्ण रिकामीं करावीं. नुसतें पाणी ओतणें पुरेसें नाहीं. एडीसचीं अंडीं भांड्याच्या आंतल्या बाजूस चिकटून राहतात व कोरडीं असलीं तरी कित्येक महिने जगतात. यास्तव काथ्यानें किंवा ब्रशानें बाजू घासाव्या आणि भरल्यावर घट्ट झाकण लावावें. कुंड्यांखालील ताटल्या, जुने टायर, करवंट्या, कूलर, छपरावरील प्लास्टिकचें कापड, हींहि तपासावीं. विहिरीसारखें जें पाणी ओततां येत नाहीं, त्यांत गप्पी मासे सोडावे.

३. अंगाचें रक्षण.

दिवसां झोपणारें बाळ व आजारी माणूस यांस दिवसांहि मच्छरदाणींत निजवावें. तापकऱ्यास चावलेला डांस पुढें दुसऱ्यास रोग देतो, म्हणून त्याची मच्छरदाणी साऱ्या घराची ढाल आहे. संध्याकाळीं शेतांत किंवा नदीकांठीं जातांना हातपाय झांकणारे कपडे घालावे व उघड्या अंगास डांसरोधक मलम लावावें. मात्र दोन महिन्यांहून लहान बाळास तें लावूं नये. कडुनिंबाच्या धुरानें डांस घटकाभर दूर जातात, परंतु धुरानें छातीस अपाय होतो.

४. ताप आला तर.

अंगावर काढूं नये. रक्त तपासून घ्यावें. डेंग्यूची शंका असतां ॲस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन घेऊं नये, कारण त्यांनीं रक्तस्राव वाढूं शकतो. ताप उतरूं लागतांच पोटांत तीव्र दुखणें, वारंवार उलट्या, हिरड्यांतून रक्त येणें अशीं चिन्हें दिसलीं, तर रोग गेला असें न समजतां त्याच क्षणीं दवाखान्यांत न्यावें.

एका घरचें उघडें पिंप साऱ्या आळीस ताप देऊं शकतें. म्हणून कोरडा दिवस साऱ्या आळीनें एकच ठेवावा, आणि जी म्हातारी पिंप उपडें करूं शकत नाहीं, तिचें पिंप शेजारच्या तरुणांनीं घासून द्यावें.

प्रश्न: (१) एडीस कोणत्या पाण्यांत वाढतो? (२) पिंप घासणें कां अवश्य आहे? (३) आपल्या घरीं आज कोठें पाणी सांचलें आहे?