कोंबडीच्या खाद्यांतील स्निग्धांश व क्षार

जव्हार व मोखाडा या डोंगराळ तालुक्यांतील कोणत्याही पाड्यावर जा; घरापुढें चार कोंबड्या टिपतांना दिसल्या नाहींत, असें क्वचितच घडेल. सकाळीं डालगें उचललें कीं कोंबडी पिलांसह उकिरडा, बांध व खळें धुंडाळूं लागते. किडामुंगी, गवताचें बीं, कोंवळा पाला, बारीक खडे, सांडलेली नाचणी व वरई यांतून आपणांस काय पाहिजे तें तीच वेंचून घेते. परंतु मांसासाठीं वाढविलेलीं ब्रॉयलर जातीचीं पिलें छपराखालीं कोंडलेलीं असतात. त्यांस उकरावयास भूमि नाहीं व निवडावयास वाव नाहीं. जें भांड्यांत नाहीं, तें त्यांच्या हाडामांसांत यावें कोठून? म्हणून त्यांच्या खाद्यांतील स्निग्धांश व क्षार या दोन अंगांचा आम्ही या पाठांत विचार करणार आहोंत.

प्रथम स्निग्धांश. नुकतेंच जन्मलेलें ब्रॉयलर पिलूं सुमारें ४० ग्रॅम वजनाचें असतें; पांच-सहा आठवड्यांत तें सुमारें २ किलोचें, म्हणजे पन्नासपट होतें. एवढ्या वाढीस शक्ति पुष्कळ लागते, पण पोट मात्र लहान. एक ग्रॅम पिष्टापासून सुमारें ४ उष्मांक मिळतात, तर एक ग्रॅम तेलापासून ९. म्हणून अशा खाद्यांत शेंकडा ३ ते ५ तेल वा चरबी मिसळण्याचा प्रघात आहे. त्यामुळें अ, ड व ई हीं जीवनसत्त्वें अंगीं लागण्यासही साहाय्य होतें. पहिल्या आठवड्यांत पिलाची पचनशक्ति अपुरी असते. तेव्हां घट्ट चरबीपेक्षां पातळ तेल त्यास अधिक मानवतें. आमच्या उतारांवर जी खुरासणी पिवळ्या फुलांनीं डंवरते, तिच्या तेलांत लिनोलिक आम्ल विपुल असतें. हें आम्ल कोंबडीच्या शरीरांत तयार होत नाहीं, तें अन्नांतूनच मिळावें लागतें.

आतां क्षार. हाडें मुख्यत्वें कॅल्शियम व स्फुरद यांचीं बनतात. येथें एक हिशेब करून पाहूं. कॅल्शियमच्या बाबतींत नाचणी सर्व धान्यांत श्रेष्ठ. तरी एक किलो नाचणींत तें सुमारें साडेतीन ग्रॅमच असतें. पिलास एक किलो खाद्यांत सुमारें १० ग्रॅम लागतें. म्हणजे तूट साडेसहा ग्रॅमची. शुद्ध चुनखडींत शेंकडा ४० कॅल्शियम असल्यामुळें सुमारें १६ ग्रॅम पुडीनें ती भरून निघते. केवळ नाचणी हें पुरें खाद्य नव्हे. हिशेबाची रीत कळावी, एवढाच येथें हेतु आहे. स्फुरदाची गोष्ट निराळी. धान्यांत तो असतो, परंतु त्याचा सुमारें दोनतृतीयांश भाग असा बद्ध असतो कीं कोंबडीस त्याचा फारसा लाभ होत नाहीं. म्हणून तो वेगळा द्यावा लागतो, व पचणारा स्फुरद कॅल्शियमच्या सुमारें निम्मा असावा लागतो. मँगेनीज तर किलोमागें सुमारें ६० मिलिग्रॅम, म्हणजे चिमटीहूनही कमी लागतें. पण तेवढें न मिळाल्यास घोट्याची शीर सरकून पिलूं लंगडें होतें.

या दोन अंगांचा परस्परसंबंध हाच या पाठाचा गाभा होय. चुना जितका अधिक, तितकीं हाडें बळकट, असें सहज वाटतें. परंतु तेलांतील आम्लें व जादा कॅल्शियम आंतड्यांत एकत्र आलीं म्हणजे न विरघळणारा साबण बनतो व तो विष्ठेवाटे निघून जातो. तेलही गेलें, चुनाही गेला, आणि पदरचे पैसेही गेले! अंडीं देणाऱ्या कोंबडीस कवचासाठीं शेंकडा साडेतीन ते चार कॅल्शियम लागतें. तेंच खाद्य पिलांस दिल्यास त्यांचीं मूत्रपिंडें बिघडतात. एकीचें अन्न तें दुसऱ्यास अपाय, तो असा.

साठवणीविषयींही सावध असावें. गिरणींतील तांदुळाच्या कोंड्यांत तेल पुष्कळ असतें. पण तें लवकर खवट होतें, व आमच्याकडील पावसाळ्याच्या दमट हवेंत अधिकच लवकर. खवट तेलानें ई जीवनसत्त्व नष्ट होतें. तेव्हां कोंडा ताजा व बेताचाच वापरावा. तसेंच ड जीवनसत्त्वावांचून कॅल्शियम अंगीं लागत नाहीं. अंगणांतल्या कोंबडीस तें सूर्यप्रकाशामुळें मिळतें. कोंडलेल्या पिलास तें खाद्यांतून द्यावें लागतें.

कोणी म्हणेल, कोंबडीच्या खाद्याचा एवढा काथ्याकूट कशास? १९९२ सालीं वावर-वांगणी येथें कुपोषणानें दगावलेल्या बालकांची वार्ता सर्व महाराष्ट्रांत पोंचली, हें आम्हांस विसरतां येत नाहीं. ज्या प्रदेशांत लेंकरांच्या ताटांतील एका अंड्यालाही मोल आहे, तेथें कर्ज काढून आणलेलीं पिलें अज्ञानामुळें लंगडीं व्हावींत, ही हानि लहान नव्हे. विद्यार्थिमित्रहो, अंगणांतली कोंबडी आपलें अन्न आपण निवडते. तिला कोंडावयाचें असेल, तर तिची निवड करण्याचें काम आपल्या शिरावर येतें. तें काम मुठीनें नव्हे, तराजूनें करावें.