थांबायचं कधी, हे सुरुवातीआधी ठरवा

पावसाळा सरला, मुरूम बसला, की सह्याद्रीच्या टेकड्यांवर माउंटन बाइक घेऊन फिरणाऱ्यांची गर्दी वाढते आणि त्यांतले बरेच जण एखाद्या हौशी क्रॉस-कंट्री शर्यतीत नावही नोंदवतात. त्यांत विशीतली मुलंमुली असतात, तशी चाळिशी ओलांडलेली, आठवडाभर खुर्चीला खिळलेली माणसंही असतात. त्यांचे प्रश्न ठरलेले असतात. आठवड्याला किती किलोमीटर चालवू? जेल कोणतं घेऊ? प्रोटीन किती? प्रश्न रास्त आहेत. पण शर्यत अर्धवट कधी सोडायची, हे क्वचितच कुणी विचारतं आणि डॉक्टर म्हणून मला तोच प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

हा निर्णय शर्यतीआधीच घ्यायचा असतो, कारण ऐन वेळी तो घेणारा मेंदूच ठिकाणावर नसतो. ऊन लागणं, रक्तातली साखर उतरणं आणि डोक्याला हादरा बसणं, या तिन्हींत विचारशक्ती लवकर ढासळते. ऊन लागलेला माणूस ‘मी ठीक आहे’ असं ठासून सांगतो आणि त्याला ते मनापासून खरं वाटत असतं. म्हणून सोबतीला येणाऱ्या मित्राला किंवा घरच्या माणसाला आदल्या दिवशीच सांगून ठेवा: ‘छातीत दुखलं, चक्कर आली, डोकं आपटलं किंवा मी असंबद्ध बोलायला लागलो, की शर्यत संपली. मी नाही म्हटलं तरी तू मला उतरवायचं.’ हा अधिकार मोकळ्या मनानं द्या.

आता हृदयाबद्दल. क्रॉस-कंट्री १९९६ च्या अटलांटा स्पर्धेपासून ऑलिंपिकमध्ये आहे आणि तिथले अव्वल खेळाडू साधारण दीड तासात शर्यत संपवतात. हौशी माणूस तशाच खडबडीत वाटेवर दोन-अडीच तास असतो. त्यातच या शर्यतीचा सर्वांत जोराचा भाग अगदी सुरुवातीला येतो. पुढे पायवाट अरुंद होते, तिथे कुणाला मागे टाकता येत नाही, म्हणून सगळे पहिल्या काही मिनिटांतच जिवाच्या आकांतानं पुढे घुसतात. पहाटेच्या गारठ्यात, अंग न तापवता, थेट नाडीच्या कमाल ठोक्यांपर्यंत जाणं चाळिशीनंतर धोक्याचं आहे. सुरुवातीआधी १५ ते २० मिनिटं सायकल चालवा; आधी सावकाश आणि शेवटी दोन-तीनदा थोडा जोर लावून. आणि पहिल्या शर्यतीला घोळक्याच्या मागूनच निघा, असं मी आग्रहानं सांगेन. त्यात दोन-तीन मिनिटं जातील, जाऊ द्या.

वय चाळीसच्या पुढे असेल, किंवा मधुमेह, उच्च रक्तदाब, तंबाखू-सिगारेट, वाढलेलं कोलेस्टेरॉल यांपैकी काही असेल, तर नाव नोंदवण्याआधी डॉक्टरांना भेटा. घरात कुणी ऐन तारुण्यात अचानक गेलं असेल, तर वय कितीही कमी असो, तपासणी हवीच. अशा वेळी ईसीजीबरोबर इकोही लागते, कारण हृदयाचा स्नायू जन्मजात जाड असण्याचा आजार त्यात दिसतो. एक गैरसमज मात्र दूर करायला हवा. स्ट्रेस टेस्ट चांगली आली म्हणजे झटका येणारच नाही, असं नसतं. रक्तवाहिनी फारशी अरुंद नसतानाही तिच्या आतला चरबीचा थर अचानक फुटू शकतो आणि त्यावर गुठळी धरते. त्यामुळे चढावर छाती आवळल्यासारखी झाली, दुखणं जबड्यात किंवा हातात उतरलं, रोजच्या चढाला कधी नव्हे इतका दम लागला, तर महिन्यापूर्वीचा रिपोर्ट आठवत बसू नका. सायकलवरून उतरा आणि मदत बोलवा. ताप, अंगदुखी, छातीत कफ असताना तर शर्यतीला उभंच राहू नका; विषाणूच्या संसर्गात हृदयाच्या स्नायूला सूज आलेली असू शकते आणि तेव्हा जोराचा व्यायाम जिवावर बेततो.

नेहमीची औषधं चालू असतील तर त्यांचीही चर्चा करा. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड घेणाऱ्यांची साखर शर्यतीत आणि त्या रात्रीसुद्धा उतरू शकते. डॅपाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्या आणि रक्तदाबासाठी दिलेल्या लघवी वाढवणाऱ्या गोळ्या शरीरातलं पाणी कमी करतात. मनानं डोस बदलू नका, डॉक्टरांना विचारून बदला. आणि गुडघा कुरकुरतो म्हणून शर्यतीआधी आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक घेण्याची सवय सोडा. घामानं पाणी कमी झालेलं असताना या गोळ्या मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा घटवतात. गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखत असेल तर बहुतेकदा सीट खाली असते, मागच्या बाजूला दुखत असेल तर वर. शर्यतीच्या दोन-तीन आठवडे आधी ती दुरुस्त करून घ्या, आदल्या संध्याकाळी नको.

खाण्यापिण्याबद्दल जरा सविस्तर सांगतो. तासाभराच्या पुढे शर्यत चालणार असेल, तर दर तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं पोटात जायला हवीत. मध्यम आकाराच्या एका केळ्यातून साधारण २५ ग्रॅम मिळतात, चार-पाच खजुरांतून जवळपास तेवढेच. पाकिटातलं ओआरएस हे खाणं नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार बनवलेल्या एक लिटर ओआरएसमध्ये ग्लुकोज असतं फक्त १३.५ ग्रॅम. ते पाणी आणि क्षार भरून काढण्यासाठी आहे, ताकदीसाठी नाही. खरी अडचण वेगळीच आहे. डोंगरातल्या वाटेवर खायला हात मोकळा नसतो. उतारावर दोन्ही हात ब्रेकवर, चढावर तोंड श्वासासाठी उघडं. म्हणून शर्यतीआधी वाट पाहायला जाल तेव्हा सपाटीच्या दोन-तीन जागा हेरून ठेवा आणि तिथे आलं की भूक असो-नसो, खा. पहिला घास अर्ध्या तासाच्या आतच. साखर उतरल्यावर खाल्लेलं अंगी लागायला वेळ लागतो आणि मधल्या काळात तुम्ही घसाऱ्याच्या उतारावर असता, लक्ष उडालेलं, हात थरथरणारे.

पाणी किती प्यायचं, याचा सगळ्यांना लागू पडणारा आकडा नाही. तो ज्याचा त्यानं काढायचा. सरावाच्या दिवशी कमी कपड्यांत वजन करा, तासभर शर्यतीच्या वेगानं चालवा, घाम पुसून पुन्हा वजन करा. घटलेलं दर किलो म्हणजे साधारण एक लिटर घाम. मधे प्यालेलं पाणी त्यात मिळवा. शर्यतीत त्यातलं बरंचसं भरून निघालं की पुरे. वजन वाढेल इतकं पाणी कधीही पिऊ नका. भीतीपोटी सारखं पाणी ढोसणाऱ्यांच्या रक्तातलं सोडियम उतरतं. डोकं दुखतं, उलट्या होतात, बोटं सुजतात, पुढे भ्रम आणि फिट्सही येऊ शकतात. हे पुढे धावणाऱ्यांपेक्षा मागून सावकाश येणाऱ्यांत अधिक दिसतं, कारण त्यांना प्यायला वेळ जास्त मिळतो.

ऊन लागण्याचा धोका चढावर असतो, हे ध्यानात ठेवा. उभ्या चढावर स्नायू सर्वाधिक उष्णता तयार करतात आणि वेग इतका कमी असतो की अंगाला वारा लागत नाही. फेब्रुवारीनंतर अकराच्या सुमारास काळा कातळ तापलेला असतो, झाडी विरळ असते. उन्हाची सवय व्हायला शरीराला १० ते १४ दिवस लागतात. रोज पहाटे सराव करून शर्यत दुपारी असेल, तर ती सवय झालेलीच नसते. कुणी अडखळायला लागला, चिडचिड करू लागला, भलतंच बोलू लागला आणि अंग भाजतंय, तर तो उष्माघात समजा. घाम येतोय म्हणून उष्माघात नाही, असं मानू नका. खेळाडूंना घाम असतानाही तो होतो. अशा माणसाला सावलीत न्या, कपडे सैल करा, टपात किंवा ताडपत्रीत थंड पाणी भरून मानेपर्यंत बुडवा. ते नसेल तर सतत पाणी ओता, बर्फ लावा, वारा घाला. १०८ ला फोन लगेच करा, पण गाडी येईपर्यंत थंड करणं थांबवू नका. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी घालू नका. पॅरासिटामॉलचा इथे काही उपयोग नाही.

पडणं या खेळात गृहीतच आहे. पडल्यावर उठून, धूळ झटकून, साखळी बसवून पुढे जाणाऱ्याचं कौतुक होतं आणि तिथेच घात होतो. हेल्मेट कवटी वाचवतं. आत मेंदूला बसणारा हादरा ते पूर्णपणे थांबवू शकत नाही. असा हादरा बसायला बेशुद्ध व्हावंच लागतं, असंही नाही. डोकं आपटलेल्याला सोबत्यानं साधे प्रश्न विचारावेत: ही कितवी फेरी? शेवटचं पाणी कुठे प्यालास? कसा पडलास? उत्तर चुकलं, उशिरा आलं, डोळ्यांपुढे धूसर झालं, मळमळलं, तोल गेला, तर त्या दिवशी सायकलला हात लावायचा नाही. दहा मिनिटांनी बरं वाटलं तरी नाही. पुन्हा शर्यतीच्या सरावाला लागायचं ते डॉक्टरांनी सांगितल्यावर, टप्प्याटप्प्यानं. डोकेदुखी वाढत गेली, वारंवार उलट्या झाल्या, झोप अनावर झाली, हातापायातली ताकद गेली, मान दुखू लागली, तर थेट रुग्णालयात जा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी किरकोळ माराकडेही दुर्लक्ष करू नये. आणि आपटलेलं हेल्मेट वरून धडधाकट दिसलं तरी बदला. आतला फोम एकदा दबला की पुन्हा काम करत नाही.

हँडलच्या दोन्ही टोकांना बुचं आहेत ना, हे निघण्याआधी हात लावून पाहा. ती पडलेली असतील तर नळीची उघडी कड पोटात पाचरीसारखी घुसते. बुचं असूनही हँडल पोटात रुतलं, तर वर छोटासा गोल वळ दिसतो आणि आत प्लीहा, यकृत किंवा स्वादुपिंडाला इजा झालेली असू शकते. त्रास काही तासांनी सुरू होतो. वाढती पोटदुखी, डाव्या खांद्यात दुखणं, दरदरून घाम, चक्कर, यांतलं काहीही झालं तर सोनोग्राफी किंवा सीटी स्कॅनसाठी जा आणि हँडल लागल्याचं आवर्जून सांगा. पडताना हात टेकला असेल, तर अंगठा ताणल्यावर त्याच्या मुळाशी जो खळगा दिसतो, तो दाबून बघा. तिथे दुखलं तर मनगटातलं स्कॅफॉइड हाड मोडलेलं असू शकतं. पहिला एक्स-रे अनेकदा साफ येतो. त्यावर विसंबून हात वापरत राहिलं तर हाड जुळत नाही, त्याचा रक्तपुरवठाही तुटू शकतो. प्लास्टर किंवा आधार घालून १० ते १४ दिवसांनी पुन्हा तपासून घ्या.

खरचटलेल्या जागी हळद, चहापूड, माती, काही लावू नका. वाहत्या स्वच्छ पाण्यानं आणि साबणानं धुवा, खडे निघेपर्यंत धुवा. धनुर्वाताचं शेवटचं इंजेक्शन कधी घेतलं ते आठवा. मळलेल्या जखमेला, आधीचा डोस घेऊन पाच वर्षांहून जास्त काळ झाला असेल, तर पुन्हा लागतो.

राहिला चिखल. आपल्या वाटा गुरांच्याही वाटा असतात, चिखलात शेण-मूत मिसळलेलं असतं आणि पुढच्या चाकाचा चिखल थेट बाटलीच्या तोंडावर उडतो. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबियात २००७ साली एका माउंटन बाइक शर्यतीनंतर कॅम्पिलोबॅक्टर या जिवाणूमुळे जुलाबांची मोठी साथ आली. तपासात बोट ठेवलं गेलं ते चिखल तोंडात जाण्यावरच. तोंडाला टोपण असलेली बाटली घ्या, पुढच्या चाकाला मडगार्ड लावा, पिण्याआधी पहिली चूळ थुंकून टाका. ओल्या मोसमात यात लेप्टोस्पायरोसिसची भर पडते. तो खरचटलेल्या कातडीतूनही शिरतो आणि ताप बहुतेकदा ५ ते १४ दिवसांनी येतो, तोवर शर्यत विसरलेली असते. त्या दिवसांत ताप, पोटऱ्यांत तीव्र दुखणं, डोळे लाल होणं किंवा लघवी कमी होणं, असं काही दिसलं, तर डॉक्टरांना शर्यतीची तारीख आणि चिखलाची हकीकत न विचारता सांगा.